सहा तास पायाचा रक्तपुरवठा बंद होता, स्नायू परत येतील का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या पायात गुठळी अडकली, सहा तासांनी ऑपरेशन करून काढली, आता पाय गरम आहे पण पंजा वर उचलला जात नाही. माझ्या आप्पांचं अगदी हेच झालं होतं म्हणून लिहितोय. आम्ही अमळनेर तालुक्यातले, कापूस वेचणी चालू होती आणि आप्पा बांधावर बसून म्हणाले "हाऊ पाय मना नहीच शे" (हा पाय माझा नाहीच), आम्हाला वाटलं मुंग्या आल्या असतील, तेल चोळत बसलो आणि त्यातच चार तास गेले, धुळ्याला पोचलो तेव्हा पाय पांढरा आणि थंडगार.

रक्त पूर्ण बंद झालं तर स्नायू साधारण 4 तास तग धरतो, 6 तासांपुढे बराच भाग कायमचा जातो. थोडंफार रक्त आडवाटेने येत असेल तर जास्त वेळ निभतं, म्हणून नुसते तास मोजून घाबरू नका.

आमची चूक अशी की रक्त चालू झालं म्हणजे सुटलो असं समजलो. खरा त्रास तिथून सुरू झाला, दोन तासांत पोटरी फुगून दगडासारखी, कातडी चकचकीत, बोटं जरा ताणली तरी आप्पा ओरडायचे. स्नायूवरचं आवरण ताणलं जात नाही त्यामुळे आतला दाब वाढून बारीक रक्तवाहिन्या परत दबतात, म्हणून पोटरी दोन्ही बाजूंनी उघडी केली, फॅसिओटॉमी म्हणतात. लघवीच्या पिशवीत कोऱ्या चहासारखा रंग आला, तो मेलेल्या स्नायूतलं मायोग्लोबिन, त्याने किडनी बसू शकते. बाबांची लघवी तशी दिसली तर आत्ताच नर्सला सांगा, सकाळच्या राउंडची वाट बघू नका.

आता तुमचा प्रश्न. मेलेला तंतू जिवंत होत नाही, पण स्नायूत बियाण्यासारख्या पेशी असतात, सॅटेलाइट सेल, 1961 मध्ये अलेक्झांडर मॉरोने बेडकाच्या स्नायूत पहिल्यांदा दाखवल्या. जुन्या तंतूचं बाहेरचं वेष्टण शाबूत असेल आणि रक्त पोचत असेल तर मेलेलं साफ होऊन त्याच नळीत नवीन तंतू तयार होतो, नाहीतर तिथे नुसता व्रण होतो आणि तो आखडतो. शिवाय पंजा उचलणारी नसही (रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला हुकूम पोचवणारी नर्व्ह) दुखावलेली असते, ती तुटून परत वाढत असेल तर दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर, म्हणजे हिशोब महिन्यांचा आहे हो, आठवड्यांचा नाही.

तोपर्यंत पंजा काटकोनात ठेवणारा स्प्लिंट लावाच, टाच वर आखडली की नस परत आली तरी उपयोग होत नाही. पाय बधिर असतो म्हणून स्प्लिंट काढून रोज कातडी बघा, आप्पांना टाचेला जखम झाली ती त्यांना कळलीच नाही.

चौथ्या महिन्यात एकदा "उचला" म्हटल्यावर पंजा हलला नाही पण अंगठ्याची शीर (रक्ताची नव्हे, स्नायू ओढला की ताठ होते ती) घोट्यापुढे दोऱ्यासारखी उठली, आई रडायलाच लागली. आज चप्पल अजून निसटते म्हणून मागे पट्टा असलेली सँडल घालतात, पण शेतात जातात. बाबांच्या ऑपरेशनला किती दिवस झाले आणि बोटं थोडीतरी हलतात का तेवढं लिहा.