दहा हजार डिझाइन्स आली, तरी झेंडा जुनाच?

प्रश्न: माझी भाची ऑकलंडला असते. ती म्हणाली न्यूझीलंडने नवीन झेंड्यासाठी लोकांकडून डिझाइन्स मागवली, मतदान घेतलं आणि शेवटी जुनाच ठेवला. मग एवढा खटाटोप कशाला? अशा स्पर्धेतून झेंडा मिळतो का खरंच?
– एक वाचिका, सांगली

उत्तर: ताई, मिळतो, पण प्रश्न कुठल्या क्रमाने विचारता त्यावर सगळं आहे आणि न्यूझीलंडचं घोडं तिथेच अडलं असं माझं स्पष्ट मत आहे. २०१५ मध्ये पंतप्रधान जॉन की यांना मनापासून वाटत होतं की झेंड्याच्या कोपऱ्यातला युनियन जॅक, म्हणजे ब्रिटनचा झेंडा, आता जावा, शिवाय ऑस्ट्रेलियाच्या झेंड्याशी कायम गल्लत होते ती वेगळीच. लोकांनी भरभरून पाठवलं, १०,२९२ डिझाइन्स! १२ जणांच्या समितीने त्यातली आधी ४० निवडली, मग ४. आता या चारपैकी तीन सिल्व्हर फर्नची, म्हणजे त्यांच्या रग्बीच्या जर्सीवर असतं ते पान, आणि त्यातही दोन एकाच माणसाची, फक्त रंग वेगळे. लोक चिडले. समितीत एक पण डिझायनर नाही अशीही टीका झाली. मग ऑनलाइन मोहीम चालवून लोकांनी 'रेड पीक' नावाचं पाचवं डिझाइन यादीत घालायला लावलं.

पण खरी गडबड पुढे आहे. पहिल्या सार्वमतात विचारलं, या पाचातलं कुठलं आवडतं? आणि मुळात झेंडा बदलायचा का, हे विचारलं मार्च २०१६ च्या दुसऱ्या सार्वमतात, जिंकलेलं फर्नचं डिझाइन जुन्यासमोर ठेवून. ज्याला बदल हवा होता पण ते फर्न आवडलं नव्हतं त्याने काय करायचं? साधारण ५७ टक्के मतं जुन्याला पडली, आणि या सगळ्यासाठी तब्बल २.६ कोटी न्यूझीलंड डॉलर्सचं बजेट ठेवलेलं.

दक्षिण आफ्रिकेचं बघा. तिथे १९९३ ला सात हजारांवर डिझाइन्स आली, एकही पटलं नाही, डिझाइन स्टुडिओंना सांगून पाहिलं तरी जमेना. शेवटी फ्रेड ब्राउनेल या सरकारी अधिकाऱ्याचं डिझाइन मार्च १९९४ मध्ये घेतलं, निवडणूक तोंडावर आलेली, आणि ठरवलं की हा तात्पुरता झेंडा. तोच १९९६ च्या राज्यघटनेत कायमचा झाला. म्हणजे स्पर्धा फसली तरी झेंडा लोकांनी स्वीकारला, कारण वर्णभेदाच्या काळातला जुना झेंडा चालणार नाही हे आधीच पक्कं झालं होतं.

स्पर्धा जमलेलं उदाहरण न्यूझीलंडमध्येच आहे आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा काळा-पांढरा-लाल झेंडा, 'तिनो रंगातिरातांगा', हा स्पर्धेतूनच निवडलेला, तिघी बायकांनी केलेला. १९९० मध्ये तो पहिल्यांदा लोकांसमोर आला. सरकारी मान्यता मिळायला २००९ उजाडलं पण तोवर लोक तो स्वतःच मोर्च्यांमध्ये घेऊन फिरत होते, कारण त्यांना आपला असा झेंडा हवाच होता.