साथीची राष्ट्रीय आणीबाणी आली की सरकार नेमकं काय करतं?

आणीबाणी म्हटलं की लोकांना लॉकडाऊनच आठवतं, पण खरं काम असतं ते माणसं शोधण्याचं. २०१४ मध्ये नायजेरियात लागोसला विमानाने इबोलाचा एक पेशंट आला, तर त्यांनी पोलिओसाठी आधीच उभी केलेली यंत्रणा आणि माणसं लगेच याच कामाला लावली, संपर्कात आलेले जवळपास ९०० जण शोधले आणि २१ दिवस घरोघरी जाऊन त्यांचा ताप मोजला, कारण लागण झाल्यावर लक्षणं दिसायला तेवढा वेळ लागू शकतो. साथ २० केसेसवर थांबली! त्यातले ८ जण गेले, तेही डोक्यात ठेवा. बाकी कायदा, निधी, डब्ल्यूएचओला २४ तासांत कळवणं वगैरे लागतंच, पण अशी ट्रेन्ड माणसं आधीपासून पगारावर नसतील तर ऐनवेळी आणणार कुठून?