बॉल हातातून सुटतो? आधी कोपरं बघा

प्रश्न : माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, फुटबॉलमध्ये गोलकीपर म्हणून उभा राहतो. समोरून सरळ आलेला बॉलसुद्धा हाताला लागून निसटतो, नाहीतर छातीवर आपटून पुढे पडतो. महागडे ग्लोव्ह्ज आणून दिले, तरी तेच. हात लहान आहेत म्हणून होत असेल का?
– एक पालक, गडहिंग्लज

उत्तर : ग्लोव्ह्ज महिनाभर कपाटात ठेवा. सरावाला उघडे हात बरे, चूक लगेच तळहाताला कळते.

हात लहान हे कारण निम्मंच खरं. बॉलवर नंबर छापलेला असतो, तो बघा. मैदानावर मोठी पोरं खेळतात तोच पाच नंबरचा बॉल लहानग्यांच्याही वाट्याला येतो. त्याचा घेर ६८ ते ७० सेंटीमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. या वयाला चार नंबर पाहिजे.

आता पकड. बॉल छातीच्या वर येत असेल तर दोन्ही तळहात बॉलच्या मागे, बोटं पसरलेली, अंगठे एकमेकांना टेकायला आलेले. नवीन पोरं कळशी उचलावी तसे दोन बाजूंनी हात लावतात आणि मधून बॉल सरळ तोंडावर येतो. एवढं बहुतेक प्रशिक्षक सांगतात. मी मात्र आधी कोपरं बघतो. हात ताठ असले की सगळा जोर तळहातावर येतो आणि बॉल उलटा उडतो. कोपरं किंचित वाकलेली, अंगाच्या पुढे हवीत आणि बॉल लागताच हात वीतभर मागे येऊ द्यायचे. हे कानांनीसुद्धा तपासता येतं. ताठ हातावर ‘फट्ट’ वाजतं, जोर जिरला की ‘थप्प’.

घरी असं करा. चार पावलांवर उभे राहा, खालून हलका बॉल त्याच्या चेहऱ्याकडे टाका. पकडला की त्याला तिथेच थांबायला सांगा. अंगठे मागे आहेत का? बॉल नाकाच्या पुढे आहे का? हे जमलं की बॉल हातभर बाजूला टाकायला लागा. तो नुसते हात लांबवेल, तिथे टोका. आधी पाय सरकले पाहिजेत, म्हणजे अंग बॉलच्या मागे येतं आणि हातांतून निसटला तरी छाती अडवते. खरी गोम पायातच असते.

छातीवर आपटतो ते वेगळं दुखणं. पोटाच्या उंचीचा बॉल करंगळ्या जवळ आणून, तळवे वर करून, मनगटापासून कोपरापर्यंतच्या भागावर घ्यायचा आणि खांदे पुढे झुकवून छातीशी कवटाळायचा. मागे रेललं की उडालाच. भल्याभल्यांचं होतं हो! २००२ च्या विश्वचषक फायनलमध्ये, योकोहामात, ब्राझीलच्या रिव्हाल्डोचा खालून आलेला फटका जर्मनीचा गोलकीपर ऑलिव्हर कान याच्या अंगावरून निसटला आणि ब्राझीलच्याच रोनाल्डोने गोल केला. त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू कानच ठरला होता.

जमिनीवरून येणाऱ्या बॉलला एक गुडघा आडवा, जमिनीलगत. दोन पायांत फट ठेवायची नाही. आपल्या मैदानांवर खडा लागून बॉल कधी उडेल, नेम नसतो.

प्रश्न : मी कॉलेजच्या टीमची गोलकीपर आहे. कॉर्नरला, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून किक येते तेव्हा, मी बॉल पकडायला जाते, सर म्हणतात ‘पंच कर’, म्हणजे मुठीने मार. कोणाचं बरोबर?
– एक खेळाडू, कोल्हापूर

उत्तर : तुझ्यापुढे वाट मोकळी असेल तर तुझं, नाहीतर सरांचं. गर्दीत किंवा ओल्या बॉलला हात घालून तो अर्धवट धरलास, तर पुढच्या स्ट्रायकरला आयता मिळतो. पंच दोन्ही मुठी जोडून, बॉलच्या मधोमध, उंच आणि लांब. शक्यतो बाजूच्या रेषेकडे. नुसता तळहाताने वळवायचा असेल तरी बाहेरच वळव, गोलसमोर कधीच नाही. आणि ‘किपर!’ असं ओरडायला लाजू नकोस.

प्रश्न : किपरने बॉल हातात किती वेळ धरायचा? शाळेत आम्ही सहा सेकंद शिकवलं. आता नियम बदलला म्हणतात.
– निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा

उत्तर : बदललाय, गुरुजी. २०२५-२६ च्या हंगामापासून आठ सेकंद. शेवटची पाच सेकंदं रेफरी हात वर करून बोटांनी मोजून दाखवतो आणि वेळ उलटली की समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. पूर्वी सहा सेकंद होते आणि शिक्षा अप्रत्यक्ष फ्री किकची (जिच्यावर थेट गोल धरत नाहीत), पण ती सहसा कोणी देत नसे. गावच्या स्पर्धेत कोणता नियम धरलाय, ते मॅचआधी रेफरीला विचारून घ्या.