फ्रिट्झ म्युलर यांचा फुलपाखरी हिशेब

प्रश्न : चवदार फुलपाखरू कडू फुलपाखरासारखं दिसून जीव वाचवतं, हे कळलं. पण दोन्ही जाती कडूच असतील, तर सारखं दिसून त्यांना काय मिळतं?

उत्तर : नेमका हाच पेच जर्मन निसर्गअभ्यासक फ्रिट्झ म्युलर यांच्यापुढे होता. ब्राझीलमधली इटुना आणि थायरिडिया ही पारदर्शक पंखांची फुलपाखरं दिसायला सारखी, नात्यानं लांबची, आणि दोन्ही बेचव. चवदार जात कडू जातीची नक्कल करते, हा इंग्रज निसर्गअभ्यासक हेन्री बेट्स यांचा 1862 मधला खुलासा इथे चालेना, कारण त्यात नक्कल करणारा खाण्याजोगा असावा लागतो.

म्युलर यांनी 1879 मध्ये मांडलं ते असं. कुठलं फुलपाखरू कडू हे पक्ष्याला उपजत कळत नाही, चाखूनच कळतं. एका भागात एका उन्हाळ्यात पक्ष्यांना अद्दल घडेपर्यंत 1,200 फुलपाखरं बळी जातात असं धरा. एका जातीची संख्या 2,000, दुसरीची 10,000. रूपं वेगळी असतील तर प्रत्येकीची 1,200 जातील. रूप एकच असेल तर दोघींची मिळून 1,200, तीही संख्येच्या प्रमाणात : पहिलीची 200, दुसरीची 1,000. म्हणजे पहिलीची 1,000 वाचली, तब्बल निम्मी. दुसरीची 200, जेमतेम 2 टक्के. संख्येचं प्रमाण 1 ला 5, पण फायद्याचं 25 ला 1, म्हणजे संख्येच्या वर्गाच्या (5 × 5) व्यस्त.

बरेच जण इथे 5 ला 1 असं उत्तर काढतात. वाचलेला आकडा जातीच्या एकूण संख्येनं भागायचा राहून जातो, म्हणून.

हिशेबाची कच्ची बाजू 1,200 हा ठरीव आकडा. पक्षी विसरतात, आणि उपाशी असले तर थोडं कडू असलेलंही गिळतात.

प्रश्न : म्युलर ब्राझीलला कसे पोहोचले?

उत्तर : जन्म एरफुर्टजवळचा. वैद्यकीचा अभ्यास पुरा केला, पण शपथेतला धार्मिक भाग घ्यायला नकार दिल्यानं पदवी हुकली. 1852 मध्ये ते सांता कातारिनातल्या ब्लुमेनाउ वसाहतीत शेती करायला गेले. पुढे देस्तेरोच्या (आजचं फ्लोरिआनोपोलिस) शाळेत गणित शिकवलं (वरचा हिशेब उगीच सुचलेला नाही!). तिथल्या किनाऱ्यावर कोळंबीवर्गाच्या डिंभांचा (अंड्यातून निघालेल्या पिलांचा) अभ्यास करून 1864 मध्ये त्यांनी डार्विन यांच्या बाजूनं छोटं पुस्तक लिहिलं. 1876 पासून ते रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे फिरते निसर्गअभ्यासक होते. रिओत येऊन राहा, असा हुकूम आला. तो मानला नाही आणि 1891 मध्ये नोकरी गेली. 1897 मध्ये ब्लुमेनाउलाच वारले.