तीन दिवस ऑफिस, पण नेमके कुठले तीन?

ऑफिस, घर आणि हायब्रिड (काही दिवस ऑफिस, काही दिवस घर) यांबद्दल एचआरमधल्या, म्हणजे मनुष्यबळ विभागातल्या, वाचकांनी विचारलेले चार प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या पुण्यातल्या हिंजवडीच्या कंपनीत १२० माणसं आणि ७० जागा आहेत. आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला यायचं, दिवस ज्याचे त्यानं निवडायचे, असा नियम केला. बुधवारी खुर्ची मिळत नाही, शुक्रवारी मजला ओस असतो. आलेली माणसंही दिवसभर हेडफोन लावून मीटिंगमध्येच. काय चुकतंय?

आधी हिशेब मांडू. १२० माणसं गुणिले तीन दिवस, म्हणजे आठवड्याला ३६० हजेऱ्या. ७० जागा गुणिले पाच दिवस, म्हणजे ३५०. सगळे अगदी शहाण्यासारखे पाच दिवसांत वाटले गेले तरी तुमचा नियम तुमच्या जागेत मावत नाही. त्यात दिवस निवडायची मोकळीक दिली की सोमवार आणि शुक्रवार शनिवार-रविवारला जोडून घरी घेतले जातात आणि सगळी गर्दी मधल्या तीन दिवसांवर येते.

‘दिवस किती’ इथून सुरुवात केली की असंच होतं. कोणाला कोणाशेजारी बसायची गरज आहे, हे आधी ठरवा. समजा तुमच्याकडे ३० जणांच्या चार टीम आहेत. दोन टीमना सोमवार आणि बुधवार द्या, उरलेल्या दोघींना मंगळवार आणि गुरुवार. रोज ६० जागा भरतील, १० मोकळ्या राहतील. चार दिवसांच्या मिळून ४० आणि शुक्रवारच्या ७०, अशा ११० जागा तिसऱ्या दिवसासाठी उरतात. तो दिवस ऐच्छिक ठेवा. आदल्या दिवशी पाच वाजेपर्यंत शीटमध्ये नाव टाकायचं, आणि रुजू होऊन तीन महिने न झालेल्यांना आधी जागा द्यायची. नव्या माणसाला घरी काम शिकवणारं कोणी नसतं, म्हणून हा अग्रक्रम सोडू नका. तीन दिवस सक्तीचेच हवे असतील तर मात्र जागा वाढवावी लागेल.

जोड्या लावताना सगळ्यात जास्त चूक होते. डेव्हलपमेंट सोमवार-बुधवार आणि त्यांचंच टेस्टिंग मंगळवार-गुरुवार असं झालं, तर ज्यांनी एकमेकांशी बोलायला हवं ते महिनोन्‌महिने भेटतच नाहीत. मागच्या तिमाहीत काम कुठे अडलं ते पाहा आणि ज्या दोन टीमचं एकमेकींवाचून अडतं त्यांना एका जोडीत घ्या. मजल्यावर कोण कुठे बसतं यावरून जोड्या लावू नका. आणखी एक : पुण्यात देखभालीसाठी वीज बहुधा गुरुवारी जाते. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही ते त्या दिवशी आपणहून येतील.

हेडफोनचं कारण साधं आहे. सगळे घरी होते तेव्हा लावलेल्या रोजच्या मीटिंगा कॅलेंडरवर तशाच राहिल्या आहेत. टीमच्या ठरलेल्या दिवशी ११ ते १ ऑनलाइन मीटिंग बंद ठेवा, क्लायंटचे कॉल शक्यतो घरच्या दिवसांवर न्या. त्या दोन तासांत नियोजन, अडलेल्या कामाची समोरासमोर उकल आणि नवख्याला शेजारी बसवून शिकवणं, एवढंच. मीटिंगमध्ये एक जरी माणूस घरून असेल तर खोलीतला एकच माइक आणि एकच स्पीकर सुरू ठेवा. दोन लॅपटॉपचे सुरू राहिले की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते आणि घरचा माणूस पाच मिनिटांत लक्ष काढून घेतो. त्यानं वर केलेला हात पाहायला खोलीतल्या एकाला नेमा.

प्रश्न : घरून काम करणारे खरंच काम करतात का हे कळावं म्हणून आमचे मॅनेजर स्क्रीनशॉट घेणारं सॉफ्टवेअर मागताहेत, आणि अप्रेझलमध्ये, म्हणजे कामाच्या मूल्यमापनात, हजेरीला गुण हवेत म्हणताहेत. काय करावं?

सॉफ्टवेअर घेऊ नका. स्क्रीनशॉटमध्ये कामाबरोबर बँकेची शिल्लक येते, डॉक्टरांचा रिपोर्ट येतो, घरचे निरोप येतात. एकदा ही माहिती गोळा केली की २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार तिची जबाबदारी कंपनीवर येते. शिवाय काम चालू असल्याचं भासवायला माउस हलता ठेवणारं यंत्र बाजारात सहज मिळतं. त्यापेक्षा सोमवारी प्रत्येकानं आठवड्याची तीन-चार कामं लिहून द्यावीत, शुक्रवारी मॅनेजरनं ती तपासावीत. कामाच्या मधल्या तासांत, म्हणजे समजा ११ ते ४, निरोपाला तासाभरात उत्तर, आणि तातडीचं असेल तर सरळ फोन.

मॅनेजरांना एक प्रयोग सांगा. चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर झालेला हा अभ्यास २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला. बुधवारी आणि शुक्रवारी घरून काम करणाऱ्या गटात नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशानं घटलं, आणि दोन वर्षांच्या मूल्यमापनात किंवा बढत्यांमध्ये फरक पडला नाही. तिथे उरलेले तीन दिवस ऑफिसच होतं, म्हणून ‘कायम घरून’साठी हा दाखला देऊ नका.

हजेरीला गुण द्यायचेच असतील तर ते आधी लिहून जाहीर करा. टीसीएस या आयटी कंपनीनं २०२४ मध्ये व्हेरिएबल पे, म्हणजे पगाराचा कमीजास्त होणारा भाग, हजेरीशी जोडला, तो उघडपणे. खरं नुकसान न बोलता होतं : डोळ्यांसमोर असतो त्याला चांगला शेरा, घरून काम करणाऱ्याला मधला. अप्रेझल अंतिम करण्याआधी बहुतांश घरून आणि बहुतांश ऑफिसातून काम करणाऱ्यांच्या गुणांची सरासरी वेगवेगळी काढा. तफावत दिसली तर त्या मॅनेजरकडून प्रत्येक गुणामागचं झालेलं काम लिहून मागा.

प्रश्न : आमचा एक कर्मचारी न सांगता पुण्याहून बेळगावला आईवडिलांकडे राहायला गेला आणि तिथूनच काम करतो. काम उत्तम आहे. चालू द्यावं का?

काम उत्तम असेल तर अडवू नका, पण कागद नीट करा. कामाचं ठिकाण बदलल्याचं पत्र दोघांच्या सहीनं घ्या, त्यात बोलावल्यावर किती दिवसांत पुण्यात यायचं आणि प्रवासखर्च कोणाचा हेही लिहा. हा मुद्दा बहुतेक पत्रांत राहून जातो आणि पुढे भांडण तिथेच होतं.

मग पगाराकडे वळा. व्यवसाय कर कामाच्या राज्यानुसार लागतो. महाराष्ट्रात तो वर्षाला कमाल २,५०० रुपये, म्हणजे महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००. कर्नाटकची नोंदणी वेगळी. कामगार कल्याण निधी महाराष्ट्रात जून आणि डिसेंबरला कापतात, कर्नाटकात वर्षातून एकदा. कर्मचारी आयकराच्या जुन्या रचनेत असेल आणि आता भाडं भरत नसेल, तर घरभाडे भत्त्यावरची सवलत थांबते. नवं घोषणापत्र घ्या, नाहीतर टीडीएस, म्हणजे पगारातून कापायचा आयकर, कमी कापला जाईल. कंपनीनं खुर्ची-टेबल वापरायला दिलं तर मूळ किमतीच्या दरसाल १० टक्के रक्कम त्याच्या उत्पन्नात धरली जाते, लॅपटॉपची नाही.

प्रश्न : व्हिडिओ कॉलवर आणि चॅटमध्ये झालेल्या लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समिती (अशा तक्रारींसाठी कंपनीत नेमलेली समिती) घेऊ शकते का?

हो. कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातली कामाच्या जागेची व्याख्या रुंद आहे. राहतं घर आणि कंपनीनं दिलेलं वाहनही तीत येतं. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार हवी. समिती कारणं नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते.

तक्रार आली त्याच दिवशी आयटी विभागाला त्या चॅट आणि रेकॉर्डिंग जपून ठेवायला सांगा, कारण बऱ्याच ठिकाणी ती ठरावीक दिवसांनी आपोआप पुसली जातात. आयटीला तारखा आणि खाती तेवढी कळवा, तक्रारीचा तपशील नाही. सुनावणी ऑनलाइन असेल तर सुरुवातीलाच प्रत्येकाला खोलीत आणखी कोण आहे ते विचारा. आणि तक्रारदार बाईंना घरी मोकळेपणानं बोलता येतं का, याची आधी चौकशी करा. दोन खोल्यांच्या घरात सासू-सासरे शेजारी बसलेले असतात. अशा वेळी त्यांना ऑफिसातली बंद खोली द्या, आणि त्या दिवशी ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो माणूस त्या इमारतीत नसेल एवढं पाहा.