दगडाच्या दोन्ही बाजू बघ

प्रिय मुली,

तुझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण दोनदा वाचलं. 563 साली ख्रिस्ती साधू कोलंबा आयर्लंडहून स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या आयोना बेटावर आला, मठ उभा राहिला. 795 मध्ये नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या व्हायकिंग लोकांची जहाजं आली, 806 मध्ये तिथली 68 माणसं मारली गेली. सगळं खरं आहे. पण तू तिथंच थांबलीस, आणि माझा जीव तिथंच अडकला. त्याच आयोनावर 980 च्या सुमारास डब्लिनचा नॉर्स राजा ओलाफ क्वारान राज्य सोडून प्रायश्चित्तासाठी आला आणि तिथंच वारला. या पावणेदोनशे वर्षांत काय घडलं, हा तुझा विषय आहे.

बॅरा या त्याच बाजूच्या दुसऱ्या बेटावर जाण्याआधी एडिनबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात जा. बॅराच्या उत्तर टोकाच्या दफनभूमीत 1865 मध्ये सापडलेला एक दगड तिथं आहे. त्याच्या एका बाजूला क्रूस कोरला आहे, गुंफलेल्या वेलबुट्टीचा, पाहताक्षणी गेलिक, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडच्या गेलिक भाषिकांची कारागिरी आठवावी असा. मागे वळून गेलीस की उभ्या ओळींत रून, म्हणजे नॉर्स लोकांची जुनी अक्षरं. मजकूर झिजलाय, पण सर्वसाधारण वाचन असं: ‘स्टाइनारची मुलगी थोरगेर्ड हिच्या स्मरणार्थ हा क्रूस उभारला आहे.’ आईबापांनी नॉर्स नाव दिलेली एक बाई, आणि तिच्या माणसांनी नॉर्स लिपीत लिहून तिच्यासाठी उभारलेला क्रूस! आणखी एक बघ: नॉर्स भाषेतला ‘क्रोस’ हा शब्दच मूळ लॅटिन, पण तो आयरिश गेलिकमधून त्यांच्याकडे आला असं अभ्यासक मानतात. लुटायला आलेल्यांच्या नातवंडांनी कुणाकडून प्रार्थना शिकली, ते त्या एका शब्दात आहे. मी पहिल्या भेटीत रूनच टिपत बसले आणि क्रुसाची बाजू घाईत उरकली. ती चूक तू करू नकोस. दोन्ही बाजूंना सारखा वेळ दे.

मग बेटावर जा. विमान भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून थेट समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर उतरतं. दगड सापडला ती जागा तिथून लांब नाही, त्याची प्रतिकृतीही तिथल्या छोट्या चॅपलमध्ये आहे. जागेचं नाव नकाशात ‘बी-एच’ने लिहिलेलं दिसेल, पण तोंडी ते ‘किल्ये वारा’ असं येतं. ‘किल्ये’ म्हणजे साधूची कोठडी, लॅटिन ‘सेला’वरून; वारा म्हणजे संत बार. बॅरा या नावातही बहुतेक तोच संत आहे, आणि शेवटी नॉर्स ‘एय’, म्हणजे बेट. दक्षिणेला पॅबे आहे, आता निर्मनुष्य. ते नाव नॉर्स लोकांनी ठेवलं: ‘पापा’चं, म्हणजे धर्मगुरूंचं बेट. जहाजातून येणाऱ्यांना तिथं साधू दिसले असणार, नाहीतर असं नाव कोण ठेवेल?

सगळ्यात जास्त वेळ मात्र माणसांच्या बोलण्याला दे. गेलिकमध्ये लिहिणं म्हणजे ‘स्क्रीव’, चर्च म्हणजे ‘एकलिश’; हे शब्द मठांबरोबर लॅटिनमधून आले. समुद्राकडे वळलीस की समुद्रातला खडक ‘स्केर’, कॉड मासा ‘त्रोस्क’, पाणकावळा ‘स्करव’, हे नॉर्स. पुस्तक आणि प्रार्थना एकीकडून, मासेमारी दुसरीकडून, आणि व्याकरण गेलिकच. आपण चावी किंवा पाद्री म्हणताना पोर्तुगीज आठवत नाही, तसंच त्यांचंही आहे.

1266 च्या पर्थच्या तहाने नॉर्वेच्या राजाने ही पश्चिमेकडची बेटं स्कॉटलंडला दिली, हे तू शेवटच्या तारखेसारखं लिहिलंयस. ती ओळ बदल. राजसत्ता गेली तरी इथला बिशप त्यानंतरही नॉर्वेतल्या निदारोसच्या आर्चबिशपच्या अधिकाराखाली राहिला. तहाची कलमं मुळातून वाच.

आणि बेटावर जाशील तेव्हा वही लगेच उघडू नकोस. एखाद्या म्हाताऱ्या कोळ्याला किनाऱ्यावरच्या खडकांची नावं विचार, तो म्हणेल तसं तीनदा म्हणून दाखव, तो हसून दुरुस्त करेल. मग देवनागरीत लिहून घे. रोमन स्पेलिंगपेक्षा त्या उच्चारांना ती जवळ पडते. पहिली दहा नावं मला पाठव.

तुझी,
बाई