रंग वाळेपर्यंत

प्रश्न : गेले तीन महिने मी रोज सकाळी वीस मिनिटे ध्यानाला बसते; परंतु दोन-चार श्वासांतच मन भरकटते आणि उठताना शांत वाटण्याऐवजी स्वतःचाच राग येतो. संध्याकाळी जलरंगात चित्रे काढते, तिथेही तेच होते. चित्र मनासारखे उतरत नाही असे दिसले की मी कागद फाडून टाकते. या दोहोंपैकी एक सोडून दुसऱ्याकडेच लक्ष द्यावे का?
– एक वाचक

उत्तर : यांपैकी काहीही सोडू नये, असे मला मनापासून वाटते; कारण तुमची अडचण ना ध्यानाची आहे, ना चित्रकलेची. अपुऱ्या राहिलेल्या गोष्टीजवळ थांबणे तुम्हाला जड जाते, आणि तेच दोन्हीकडे आडवे येते.

मन भरकटले म्हणजे बैठक वाया गेली, अशी तुमची समजूत दिसते. ‘मन निर्विचार करा’ या सरसकट सल्ल्याने साधकांचे जेवढे नुकसान केले आहे, तेवढे आळसानेही केले नसेल. श्वासावर लक्ष ठेवणे, ते सुटल्याचे ध्यानी येणे आणि पुन्हा श्वासाकडे वळणे, हा सगळाच अभ्यास आहे. मन पन्नास वेळा गेले आणि पन्नास वेळा परत आले, तर अभ्यास पन्नास वेळा घडला. अभ्यास दृढ कशाने होतो हे सांगताना पतंजलींनी आपल्या योगसूत्रांच्या समाधिपाद या पहिल्या भागातील १४ व्या सूत्रात तीन अटी घातल्या आहेत : तो दीर्घकाळ असावा, अखंड असावा आणि ‘सत्कारा’ने, म्हणजे आदरपूर्वक, केलेला असावा. पहिल्या दोन अटींची चर्चा पुष्कळ होते, तिसरीकडे मात्र सहसा कोणी थांबत नाही. तुम्ही नेम चुकवत नाही, परंतु मनाला दर वेळी फटकारून परत आणता. आणि परतल्यावर बोलणीच खावी लागणार असतील, तर ते परतायला नाखूशच राहणार.

काही दिवस दहाच मिनिटे बसा. दर वेळी श्वास सोडताना एक आकडा, असे मनात एक ते दहा मोजा आणि मोजणी चुकली की निमूटपणे पुन्हा एकपासून सुरुवात करा. उच्छ्वास सावकाश होऊ द्या. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना मंदावते, त्यामुळे लांब उच्छ्वासाने शरीर निवांत होण्यास मदत होते.

तुम्ही जलरंग निवडलेत, याचा मला विशेष आनंद वाटतो, कारण या माध्यमाला घाई मुळीच खपत नाही. पहिला थर ओला असताना त्यावर दुसरा दिला तर रंग एकमेकांत पसरून मळकट होऊ शकतात, आणि अर्धवट वाळलेल्या भागावर पाणी पडले तर वेड्यावाकड्या कडांचे डाग उमटतात. शिवाय ओला रंग गडद दिसतो आणि वाळल्यावर फिका होतो; म्हणजे ज्या क्षणी तुम्ही कागद फाडता, त्या क्षणी चित्र तुम्हाला खऱ्या अर्थाने दिसलेलेच नसते. थर वाळेपर्यंत ब्रश खाली ठेवून सकाळचीच मोजणी करा. फाडण्याची ऊर्मी आली, तर चित्र दुसऱ्या खोलीत वाळत ठेवा आणि निर्णय दुसऱ्या दिवशी घ्या.

एक सूचना मात्र गांभीर्याने घ्यावी. डोळे मिटल्यावर तीव्र भीती वाटत असेल किंवा वेदनादायक आठवणी वारंवार उसळत असतील, तर नेटाने बसून राहू नका. बैठक थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्या. तोवर चित्रे काढणे चालू ठेवायला हरकत नाही.